बाळागोळी : गिरणगावाच्या पाळण्यातील अफू

आजचा धागा लढायांचा नाही आणि तहांचाही नाही. तो एका लहानशा गोळीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणगावात तान्ह्या मुलांना ही गोळी नित्यनेमाने दिली जात असे. तिचे नाव बाळागोळी. इंग्रजी सरकारी कागदांत ती ‘बाला गोली’ अशा रूपात भेटते. तिच्यात अफू असे. ती देणारी व्यक्ती बहुधा मुलाची आईच असे, आणि तिला ती अफू मिळे ती सरकारी परवान्याच्या दुकानातून उघडपणे विकल्या जाणाऱ्या मालातून.

१९२२ साली डॉ. बार्न्स या इंग्रज स्त्री-डॉक्टरने मुंबईतील कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी अहवाल दिला. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मला तो छापखान्याची चूक वाटला. पण पुढे वाचत गेले की तो चुकीचा वाटेनासा होतो, आणि मग अधिकच अस्वस्थ करतो. धागा बराच लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रारंभी एक गैरसमज दूर करू. बाळागोळी म्हणजे बाळगुटी नव्हे. बाळगुटी अजूनही अनेक घरांत आहे : सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक यांचे मोजके वेढे उगाळायचे आणि ते चाटण बाळाला द्यायचे. गुटीला वेळ लागतो. कोणत्या मुलाला कशाचे किती वेढे, हे सांगणारी जाणती बाई घरात लागते. सहाण, पाणी, स्वच्छ वाटी आणि निवांत सकाळ लागते. या प्रत्येक गोष्टीची गिरणगावात वानवा होती, हे लक्षात ठेवा. त्या वानवेतच बाळागोळीचा निम्मा इतिहास आहे.

अफू तान्ह्या मुलाच्या शरीरात नेमके काय करते? खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक वाळवला की अफू होते. तिच्यात मॉर्फिन आणि कोडीन ही मुख्य द्रव्ये असतात. मॉर्फिन वेदना शमवते आणि झोप आणते. त्याचबरोबर श्वासाची गती मंदावते, भूक मारते आणि आतड्यांची हालचाल थांबवते. प्रौढ माणसाचे यकृत हे द्रव्य बऱ्याच वेगाने निकामी करून बाहेर टाकते. तान्ह्या मुलाचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून पुरती कार्यक्षम झालेली नसतात, त्यामुळे तोच अंश त्याच्या शरीरात अधिक काळ टिकून राहतो. शिवाय दुकानातल्या अफूची तीव्रता दर वेळी सारखी नसे. काल ज्या मापाने मूल गाढ झोपले, त्याच मापाने आज त्याचा श्वास थांबू शकत असे.

परंतु असे अपघात हा या सवयीचा एकच भाग झाला. खरी हानी सावकाश होत असे. अफूने भूक मरते, म्हणून मूल दूध कमी पिते. दूध कमी पिते म्हणून खंगते. मलावरोध होतो, पोट फुगते. दिवसाकाठी गोळीचा अंमल उतरू लागला की शरीर तिची मागणी करते, मूल किरकिरते, आक्रोश करते. आणि तो आक्रोश थांबवण्याचा सर्वांत जवळचा उपाय म्हणजे आणखी एक गोळी. बाहेरून पाहणाऱ्याला मूल शांत, गुणी आणि झोपाळू दिसते. आत ते उपाशी असते. पुढे गोवर, न्यूमोनिया किंवा अतिसार यांची साथ आली की अशी मुले प्रथम बळी पडत, आणि मृत्यूच्या नोंदवहीत कारण लिहिले जाई ते त्या साथीच्या रोगाचे. अफूचे नाव तेथे क्वचितच येई.

आणखी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे आहे. अफूला औषध म्हणून असलेली प्रतिष्ठा सर्वस्वी भ्रामक नव्हती. अतिसारात ती जुलाब खरोखरच थांबवते, आणि ज्या काळात जुलाबाने मूल दोन दिवसांत हातचे जात असे, त्या काळात जुलाब थांबलेले पाहणे हा आईसाठी केवढा दिलासा असेल! रोगजंतू आतच राहतात, शरीरातले पाणी गेलेलेच असते, हे डोळ्यांना दिसत नाही. खोकला आणि दात येतानाच्या वेदना यांवरही ती चालते. गिरणगावात येण्यापूर्वीही ती कोठे कोठे घरगुती औषध होतीच. राजपुताना, काठेवाड, गुजरात या भागांत मुलांना अफू देण्याची चाल जुनी. गिरणीने ही चाल निर्माण केली नाही. आजारपणातले औषध तिने कामाच्या दिवसाचे वेळापत्रक करून टाकले.

आता अफू येई कोठून, हे पाहू. मुंबई आणि अफू यांचे नाते गिरण्यांहून जुने आहे. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि ज्या व्यापारी भांडवलावर एकोणिसाव्या शतकातील मुंबई उभी राहिली त्यात या अफूचा वाटा मोठा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या दानशूर व्यापाऱ्यांच्या संपत्तीतही चीनच्या अफूव्यापाराचा अंश होता. शहराच्या रुग्णालयांचा आणि शाळांचा इतिहास वाचताना हे विसरता येत नाही. चीनला होणारी ही निर्यात १९१३ साली थांबली. देशातल्या देशात होणारी विक्री मात्र चालूच राहिली. १८७८ च्या अफू कायद्यानुसार उत्पादन आणि विक्री सरकारच्या ताब्यात होती. दुकानांना परवाने दिले जात आणि त्यावरचे उत्पन्न आबकारीत जमा होई.

या विक्रीविरुद्ध आवाज उठत होता. इंग्लंडमधील अफूविरोधी चळवळीच्या दबावाने १८९३ मध्ये रॉयल कमिशन नेमले गेले. लॉर्ड ब्रासी त्याचे अध्यक्ष. कमिशनने भारतभर साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये अहवाल दिला. त्याचा सूर थोडक्यात असा : भारतीय लोक अफू माफक प्रमाणात घेतात, ती त्यांचे घरगुती औषध आहे, आणि इंग्लंडातील दारूच्या तुलनेत तिचा उपद्रव फार नाही. ‘घरगुती औषध’ या दोन शब्दांनी पुढची तीस वर्षे सरकारच्या फार उपयोगी काम केले.

येथे एका मराठी स्त्रीचे नाव घ्यायलाच हवे. पुण्याच्या सुंदराबाई पवार. पंडिता रमाबाईंच्या सहकारी असलेल्या या ख्रिस्ती कार्यकर्तीने इंग्लंडला जाऊन अफूविरोधी सभांत भाषणे केली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारच्या अफूधोरणावर जाहीर दोषारोप करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या काळात मराठी स्त्रीने आपल्या गावच्या सभेत उभे राहून बोलणेही अप्रूपाचे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत सुंदराबाईंना जागा नाही; असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गिरणीच्या दरवाजापाशी येऊ. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, नायगाव, वरळी या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे येत राहिली. कामगारांत स्त्रियांचे प्रमाण साधारण एक पंचमांश. त्यांची खाती ठरलेली : वाइंडिंग आणि रिळिंग. काम नगावर, म्हणजे जितके सूत गुंडाळाल तितके पैसे. त्यांना कामावर घेणे आणि काढून टाकणे बहुतांशी नायकिणीच्या हाती असे. नायकिणीची मर्जी सांभाळायची, खाडे करायचे नाहीत, आणि नगाचा हिशेब भरायचा.

कायद्याने काय दिले होते? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याला बाळंतपणाची दखलच नव्हती. तो मुख्यतः बालकामगारांविषयी होता, आणि त्यात कामावर घेण्याचे किमान वय होते सात. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ केले. १९२२ साली ते बारा झाले. दिवसाचे दहा-अकरा तास, त्यात घरापासून गिरणीपर्यंतची पायपीट. तान्ह्या मुलाला दोन-तीन तासांनी पाजावे लागते. म्हणजे आई कामावर असताना किमान चार वेळचे दूध चुकते. जवळच्या चाळीतल्या काही जणी मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन मुलाला पाजून येत; लांब राहणाऱ्यांना ते शक्य नसे. वरचे दूध महाग, आणि त्यात पाण्याची भेसळ. मूल सांभाळायला एखादी म्हातारी, आजारी शेजारीण, किंवा स्वतःच अजून मूल असलेली सात-आठ वर्षांची बहीण. अशा सांभाळणारीच्या ओटीत दिवसभर रडणारे मूल देऊन जाणे कोणत्याही आईला कठीणच. झोपलेले मूल देऊन जाणे त्यामानाने सोपे.

डॉ. बार्न्स यांची चौकशी मुळात अफूसाठी नव्हतीच. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा आणि भत्ता देणारा करार संमत केला. भारताने तो स्वीकारला नाही. मात्र या प्रश्नाचा अभ्यास करून माहिती कळवावी, असे ठरले. त्यामुळे मुंबईत डॉ. बार्न्स आणि बंगालमध्ये डॉ. डॅगमार कर्जेल या स्त्री-डॉक्टरांनी चौकशी केली. बार्न्स यांचे निष्कर्ष मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये १९२२ च्या सप्टेंबरमध्ये छापले गेले. भारतीय कामगार स्त्रीच्या बाळंतपणाकडे सरकारने प्रथम पाहिले ते जगाला उत्तर द्यायचे होते म्हणून. इतिहासात चांगल्या गोष्टी पुष्कळदा अशा आडवाटेने होतात.

त्या अहवालातील एक खोली कामगार इतिहासाच्या अभ्यासकांना पाठ असते. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची, साधारण १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद. तिच्यात सहा कुटुंबे. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली. लहानमोठी मिळून तीस माणसे. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाच्या वेळी आडोसा कसा करता, असे बार्न्स यांनी सोबतच्या परिचारिकेला विचारले, तेव्हा त्यांना जेमतेम तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखवण्यात आला.

ही खोली मनात ठेवून पुन्हा बाळागोळीकडे पाहा. तीस माणसांत रडणारे तान्हे मूल ही एकट्या आईची अडचण राहत नाही. त्या खोलीत कोणी पहाटेच्या भोंग्याला उठणार असतो, कोणी दिवसभर साच्यावर उभा राहून आलेला असतो. मूल रडत राहिले तर उरलेल्या पाच कुटुंबांची झोप जाते, आणि झोप गेलेला माणूस यंत्रापुढे उभा राहिला तर बोट जाते. मूल शांत ठेवणे हे त्या खोलीत राहण्याचे एक न लिहिलेले भाडेच होते. ती सहा कुटुंबांची खोली टोकाचे उदाहरण असेल. परंतु १९२०-२२ च्या सुमारास मुंबईच्या कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती, असे लेबर ऑफिसच्या पाहणीत आढळले होते.

याच काळातला दुसरा प्रसिद्ध आकडा बालमृत्यूंचा. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हाच दर ८२८ वर, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ वर. पहिल्यांदा वाचताना श्वास अडखळतो. मात्र येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. अनेक बायका बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. मुलाच्या जन्माची नोंद तिकडे होई, किंवा कोठेच होत नसे. काही महिन्यांनी आई मुलाला घेऊन मुंबईस परते आणि मूल मुंबईत दगावले तर मृत्यू मुंबईच्या खाती पडे. भागाकारात वरची संख्या शहराची आणि खालची अपुरी. त्यामुळे ६६६ हा दर फुगलेला आहे, हे तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते. दशकाच्या अखेरीस नोंदलेला दर निम्म्याच्या आसपास आला, त्यातही नोंदी सुधारल्याचा वाटा आहे. तरीही एका खोलीतले मूल आणि चार खोल्यांतले मूल यांच्यातले अंतर केवळ नोंदवहीच्या दोषाने पुसून टाकता येत नाही.

९८ टक्क्यांकडेही याच सावधपणाने पाहावे. परकी डॉक्टर, दुभाष्यामार्फत बोलणे, आणि ‘या बायका अशाच’ हा त्या काळच्या वसाहती वैद्यकाचा चष्मा, हे सारे त्या आकड्यामागे असू शकते. परंतु तो ९८ ऐवजी ७० असता तरी आपल्याला विचारायचा प्रश्न बदलत नाही.

तो प्रश्न हा : या आयांना कळत नव्हते का? त्या काळच्या अहवालांत, सुधारकांच्या भाषणांत, अगदी सहानुभूतीने लिहिणाऱ्यांच्या लेखनातही उत्तर ठरलेले आहे : अज्ञान. अज्ञानी आई, तिला शिकवावे, व्याख्याने द्यावीत, पत्रके वाटावीत. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि थोडे सोयीचेही. कारण याच चित्राची दुसरी प्रत इंग्लंडात आहे, आणि तिथे तर रॉयल कमिशनच्या सदस्यांची स्वतःची माणसे होती.

मँचेस्टर, नॉटिंगहॅम, कॉव्हेंट्री या इंग्रज गिरणीनगरांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे गोड औषध घरोघरी असे. त्यात काकवी आणि अफूचा अर्क. गिरणीत जाण्यापूर्वी मुलाला एक चमचा. एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात इंग्रज कामगारांच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या या औषधाचा नावानिशी उल्लेख केला आहे. ‘धर्म ही अफूची गोळी’ हे मार्क्सचे वचन आपल्याकडे वादविवाद स्पर्धेत हमखास ऐकू येते. परंतु याच मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात, यंत्रांवरील प्रकरणात, खऱ्या अफूविषयीही लिहिले आहे : कामावर जाणाऱ्या इंग्रज आया आणि अफूने सुकून गेलेली त्यांची तान्ही मुले. तो भाग मात्र कोणी वाचत नाही. ब्रिटनमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या खुल्या विक्रीवर काही बंधने आली, तरी तयार ‘पेटंट’ औषधे त्यातून सुटली.

अमेरिकेत हीच कथा ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ या नावाने घडली. १८४९ पासून बाजारात असलेल्या या औषधात मॉर्फिन होते. जाहिरातींच्या रंगीत चित्रांत गोबऱ्या गालांची मुले आणि प्रसन्न आया. त्याची ख्याती एवढी, की एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराने १८७८ मध्ये एका संथ रचनेला गमतीने या औषधाचेच नाव दिले. १९०६ च्या कायद्याने अशा औषधांच्या वेष्टनावर मॉर्फिन असल्याचे लिहिणे सक्तीचे केले, आणि १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांना बालघातक ठरवले. तेथे ग्राहक केवळ कामगार स्त्रिया नव्हत्या. वाचता येणाऱ्या, सुस्थितीतल्या आयाही होत्या. तेव्हा परळची बाई अफू देई ती निरक्षर किंवा हिंदी होती म्हणून, हा युक्तिवाद टिकत नाही. जेथे आईचे तास विकले जात आणि अफू मुक्त मिळे, तेथे ही सवय भाषा न बघता जाऊन बसली.

१९२४-२५ मध्ये जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाच्या अफू परिषदा भरल्या. वैद्यकीय गरजेपुरती अफू किती, याचे एक माप पुढे आले होते : दर दहा हजार लोकसंख्येस वर्षाला सुमारे सहा शेर. मुंबई शहराचा खप चाळीस शेरांच्या वर होता. सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ साली अफूच्या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रांतिक सरकारांची अडचण मात्र साधी होती : आबकारी हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन. शाळा आणि दवाखाने ज्या तिजोरीतून चालवायचे, तिच्यातच अफूचा पैसा येत होता. बाल-आरोग्य केंद्रात परिचारिका बाळागोळी देऊ नका म्हणून सांगे. त्याच सरकारने परवाना दिलेले दुकान वस्तीत उघडे असे. या विसंगतीवर मी अधिक काय लिहावे!

या प्रश्नाला खरा हात घातला तो अफूच्या बाजूने नव्हे, तर वेळेच्या बाजूने. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती आणि गिरणगावातील जीवन ते जवळून पाहत होते. १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात असेच विधेयक आले, तेव्हा २८ जुलै रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. त्यांचे म्हणणे असे : आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा भार काही अंशी सरकारने उचलावा हे मान्य, परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्यालाही त्यातून सुटता येणार नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला असा हा पहिला कायदा.

या कायद्याने बाळंतिणीला काही आठवड्यांचा भत्ता मिळाला. पण काही आठवड्यांचेच मूल अंगावर पिते असे नाही. महिन्या-दीड महिन्याने आई पुन्हा वाइंडिंग खात्यात, आणि मूल पुन्हा शेजारणीकडे. त्यामुळे पाळणाघराचा मुद्दा पुढे आला. १९२९ मध्ये नेमलेल्या, जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. जोशी स्वतः या कमिशनचे सदस्य होते. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे झाले. मर्यादा तीच, पन्नासहून अधिक स्त्रिया.

काही गिरण्यांनी कायद्याची वाट न पाहता पाळणाघरे उघडली होती. तेथे मुलांची गर्दी झाली असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेक बायका आपली मुले तिकडे आणीत नसत. गजबजलेल्या रस्त्याने, पावसापाण्यात, पहाटे तान्ह्याला घेऊन जाणे सोपे नव्हते. मालकाच्या आवारात आपले मूल ठेवण्याविषयी साशंकताही होती. याचीही गणना अहवालांनी अज्ञानात केली. मला ती सावधगिरी वाटते.

आणि आता या कथेतील कडू भाग. प्रसूती भत्ता, पाळणाघर, रात्रपाळीची बंदी : स्त्रियांच्या संरक्षणासाठी आलेल्या या प्रत्येक तरतुदीचा खर्च मालकाच्या वहीत स्त्रीच्या नावावर पडत गेला. याच काळात गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ आले, नवी वाइंडिंग यंत्रे आली आणि कमी हातांत अधिक काम होऊ लागले. गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्या घटू लागली आणि स्वातंत्र्यानंतर ती घटतच गेली. कायदे झाले म्हणून बायका गेल्या, असे सरळ म्हणणे चूक. यंत्रे, मंदी आणि कुटुंबाचा कमावता पुरुषच असावा ही मध्यमवर्गीय कल्पना, अशी कारणे त्यात गुंतलेली आहेत. परंतु आंबेडकरांनी सांगितलेला सरकारचा वाटा तेव्हाच तिजोरीतून आला असता, तर मालकाला बाईकडे खर्चाची बाब म्हणून पाहण्याचे एक कारण कमी झाले असते, असे मला वाटते.

अफूच्या दुकानांचा शेवट उशिरा झाला. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत वैद्यकीय कारणाखेरीज होणारी विक्री दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि १९५९ मध्ये ती मुदत संपली. अफूतील कोडीन हे द्रव्य मात्र खोकल्याच्या औषधांतून पुढेही लहान मुलांपर्यंत पोहोचत राहिले. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊच नये, असा सक्त इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काढला तो २०१७ साली.

या साऱ्या कागदपत्रांत एक आवाज नाही. डॉक्टर बोलतात, कमिशनर बोलतात, मालक आणि पुढारी बोलतात. ज्या बाईने भोंगा व्हायच्या आत, चुलीच्या उजेडात, बोटाच्या टोकावर ती गोळी घेऊन मुलाच्या तोंडात घातली, तिने काय विचार केला हे कोणी लिहून ठेवले नाही. तुमच्यापैकी कोणाची आजी किंवा पणजी गिरणीत वाइंडिंग-रिळिंगला असेल, आणि बाळागोळीविषयी घरात कधी काही बोलले गेले असेल, तर ते जसे ऐकले तसे, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि जमल्यास मलाही कळवा. त्या पिढीशी बोललेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.